शून्यापासून सातवा

एरमेकची स्मरणशक्ती अधू नव्हती. तिला फक्त माणसांची लाज वाटत असे. एकांतात ती त्याला हवे ते आणून देई: दुसरीतल्या बाकावर कोरलेली बोट, काराकोलच्या बाजारातल्या पहिल्या जर्दाळूंचा वास, बेगिमायने तीन वर्षांपूर्वी वाचनालयात उच्चारलेले 'हे पुस्तक उशिरा आलंय' हे वाक्य. पण समोर चार माणसे येऊन बसली, की नव्या नवरीसारखी ती पडद्याआड जाऊन उभी राही आणि कितीही हाका मारल्या तरी बाहेर येत नसे.

सप्टेंबरात ती नेमकी अशीच गेली, आणि तेही बेगिमायच्या वडिलांच्या घरी. ओरोझबाय-आबांनी चहाचा दुसरा पेला त्याच्या हाती देत सहज विचारले होते,

"मग, बालाम, माझ्या पोरा, तुझे सात बाप सांग बघू."

यात काही विशेष नव्हते. मुलगी मागायला आलेल्या मुलाला हे विचारायचेच असते. न विचारणे हाच अपमान. बाप, आजा, पणजा असे वर चढत सात पायऱ्या मोजायच्या आणि दोन्ही घरांच्या पायऱ्या कुठे एकमेकींना मिळत नाहीत, याची खात्री करून घ्यायची. मिळाल्या तर लग्न नाही. शेळीलाही ठाऊक असावे इतके हे सोपे आहे. एरमेक चढू लागला. "सापार. कादिर. मोल्दोबाय. चिनीबाय." आणि पाचव्या पायरीवर त्याचा पाय हवेत राहिला.

चहा निवला. भिंतीवरचे घड्याळ आजवर कधी नव्हते एवढ्या मोठ्याने चालू लागले. अखेर ओरोझबाय-आबा साखरेच्या भांड्याकडे पाहत, जणू त्या भांड्यालाच समज देत म्हणाले, "सात बाप ठाऊक नाहीत, तो गुलाम."

एरमेकने निवलेला चहा एका घोटात संपवला.

त्या दिवसापासून एरमेक स्वतःला मनातल्या मनात गुलाम म्हणू लागला, आणि या शब्दात एक प्रकारची करुण शोभा आहे, असेही त्याला वाटू लागले. तो तांत्रिक विद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक होता. विद्यार्थ्यांनी जाळलेल्या वस्तूंची यादी करणे हे त्याचे मुख्य काम. बेगिमाय तिथल्याच वाचनालयात होती. आठवड्याभराने ती त्याच्या टेबलाशी आली आणि उगीचच एक जळका बल्ब हातात घेऊन म्हणाली,

"बाबा म्हणतात, डिसेंबरात एकदा तुमच्याकडे चहाला येऊ. शेवटची संधी म्हणून."

"मी पाठ करीन," एरमेक म्हणाला.

"तुला येतंय रे. तुला फक्त माणसांसमोर येत नाही." तिने बल्ब उजेडापुढे धरला. "बाबांनी तीस वर्षं वीजकेंद्रात दिव्या-खटक्यांच्या पाटीसमोर काढली. माणूस काय बोलतो त्यावर त्यांचा विश्वास नाही. दिवा लागला की लगेच विश्वास बसतो."

ती निघून गेली. जळका बल्ब तेवढा टेबलावर राहिला. प्रेमिकांना फुले मिळतात. एरमेकला हे मिळाले. पण त्यातूनच त्याच्या आयुष्यातल्या एकमेव मोठ्या कल्पनेचा उगम झाला. माणसांसमोर लाजणार नाही, अशी एक स्मृती तयार करायची. संगणकावर, सिम्युलेटरमध्ये. खरी तार नाही, खरा दिवा नाही. पडद्यावर चित्र काढायचे आणि चित्रातून वीज वाहते असे संगणकाने समजून चालायचे. एरमेकच्या स्वभावाला हे फार मानवणारे होते. त्याचे प्रेमही बरेचसे याच पद्धतीने चालले होते.

हिशेब सुंदर जमत होता. तीन खटके वरखाली करून आठ खणांपैकी कोणताही एक खण उघडता येतो. खणांना क्रमांक शून्यापासून सातपर्यंत. शून्यात तो स्वतः, एकात बाप, दोनात आजा, आणि शेवटच्या सातव्यात सातवा बाप. ना एक खण जास्त, ना एक कमी. जणू पूर्वजांनीच तीन खटक्यांचा विचार करून सातवर थांबायचे ठरवले होते. प्रत्येक खणात चार दिव्यांची एक खूण. कोणते दिवे पेटले यावरून कोणता पूर्वज ते कळायचे. कोणत्या खुणेचा कोणता पूर्वज, याचा तक्ता शेजारी टांगलेला.

"तक्ता शेजारी टांगायचाच आहे," तळमजल्यावरच्या बुरुल-एजे, म्हणजे बुरुलताई, म्हणाल्या, "तर तक्ताच वाच की मेल्या!"

बुरुल-एजे कुणाच्याही घरात दार न वाजवता येत आणि कुठल्याही विषयाच्या मधोमध शिरत. शेजारी असल्याचा हक्क त्यांनी चाळीस वर्षे अखंड बजावला होता. पुढे अनेक रात्री अंथरुणात एरमेकने या बोलण्याची उत्तरे शोधली. सगळी लांबलचक होती, आणि बुरुल-एजे तितका वेळ कुणालाच देत नसत.

त्याची आई, आपा, तिने मात्र मुलाची बाजू घेतली. "असू दे गं. त्याच्या बापानं आयुष्यात एकच गोष्ट बनवली, कोंबड्यांचं खुराडं, तेही पडलं. हा निदान पडणार नाही असलं काहीतरी करतोय."

पहिले सर्किट त्याने विद्यालयाच्या अभ्यासक्रमात असते तसे बांधले: प्रत्येक दिव्यामागे एक लहानसे कुलूप, 'पेट' म्हटले की पेटलेले राहते, 'विझ' म्हटले की विझलेले. तीन आठवडे गेले. चार पूर्वज खणांत स्थानापन्न झाले. त्या संध्याकाळी आपाने पडद्याकडे बघून दुआ मागत दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले, आणि नेमक्या त्याच क्षणी वीज गेली. थंडी लागली की ती पाळीपाळीने जात असे. त्या आठवड्यात त्यांच्या इमारतीची पाळी होती.

वीज आली. एरमेकने फाइल उघडली. सर्किट जागेवर होते, तार न् तार जागेवर होती. पण खणांत कुणीच नव्हते. कुलपे होती, कुलपांनी धरलेले सगळे गेले होते. सापार, कादिर, मोल्दोबाय, चिनीबाय. चार पिढ्या एका झटक्यात वारल्या होत्या, आणि या खेपेला त्यांना पुरायलाही कुणी गेले नव्हते.

"अरे, ही स्मृती नव्हे, पाहुणा आहे हा," तिसऱ्या मजल्यावरचे पेत्रोविच म्हणाले. पेत्रोविच निवृत्त रेडिओ-दुरुस्ती कारागीर. सिम्युलेटरविषयी त्यांना तीव्र तिटकारा होता. तो व्यक्त करायला ते रोज येत. "दिवा गेला की पाहुणा उठून चालता होतो. आणि वास कुठाय? डाख देताना धूर नाही, बोट भाजणं नाही, याला का सर्किट म्हणायचं? हे म्हणजे जेवणाचं चित्र जेवणं."

"मग काय करू, पेत्रोविच?"

"डायोड." पेत्रोविचनी हा शब्द देवाचे नाव घ्यावे तसा घेतला. "आडव्या तारा, उभ्या तारा. जिथे दिवा हवा त्या फुलीवर एक डायोड ठोकायचा, नको तिथे काही नाही. भिंतीत खिळे ठोकतात तसं. वीज जाऊ दे, भूकंप होऊ दे, खिळे जागेवर. आमच्या वेळची स्मृती अशी होती, बेट्या. ती विसरत नसे. विसरायची तर पक्कड घेऊन उपटावं लागे."

एरमेकने कुलपांचे सर्किट पुसून टाकले. ते पुसताना आपण काय पुसतो आहोत, हे त्या वेळी त्याच्या ध्यानी आले नाही. माणसाला आपल्या भाग्याची ओळख बहुधा पाठमोरीच होते.

आता प्रश्न उरला खणांत भरायच्या माणसांचा. पाचवा कोण? आपा म्हणे ताश्तान. धाकटा चुलता फोनवरून म्हणे एशिम, आणि ताश्तान हा मुळी घोड्याचे नाव होते. पूर्वज की घोडा, असा वाद घरात सुरू झाल्यावर एरमेकने ठरवले की हा विषय अधिकृत पातळीवर नेला पाहिजे. तो अभिलेखागारात गेला. खिडकीपलीकडे खांद्यावर शाल घेतलेली एक बाई जिरेनियमच्या कुंडीला पाणी घालत होती.

"कुणाचा दाखला?"

"माझ्या पाचव्या पूर्वजाचा."

"नाव?"

"तेच शोधायला आलोय."

"नावाच्या रकान्यात काय लिहू?"

"रिकामा ठेवला तर?"

"रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे जात नाही."

"पण नाव ठाऊक असतं, तर मी आलोच नसतो, एजे."

बाईने पाण्याचे भांडे खाली ठेवले. तिच्या चेहऱ्यावर प्रथमच सहानुभूतीसारखे काहीतरी दिसले. "नाव ठाऊक नसलेले येतात आणि परत जातात. नाव ठाऊक असलेले येतच नाहीत. म्हणून तर इथे शांतता असते, बालाम. एखादा म्हातारा गाठ."

म्हातारा गाठायला तो शहराबाहेर चाळीस मैलांवरच्या गावी गेला. तोक्तोसुन आक्साकाल, गावचे वडीलधारे, नव्वदीचे होते. एरमेकच्या घराण्याची सगळी शाखापालवी त्यांना मुखोद्गत होती. मात्र त्यांच्या स्मृतीला खण नव्हते. ती टेपच्या फितीसारखी होती. पाचवा विचारला तर पाचवा निघत नसे. ते अगदी उगमापासून, डोंगरातून खाली उतरलेल्या पहिल्या पुरुषापासून आरंभ करत आणि एकेक पिढी खाली येत. मध्ये कुणी खोकले, की थांबत, डोळे मिटत आणि पुन्हा पहिल्या पुरुषापासून सुरू करत. त्या दुपारी एरमेकच्या घशात खवखव होती. चार वेळा तो पहिला पुरुष डोंगरातून खाली उतरला. पाचव्या खेपेला एरमेकने तोंडावर उशी दाबून धरली आणि गुदमरत ऐकले:

"...कुचुकचा मुलगा बाइश, बाइशचा एशिम, एशिमचा चिनीबाय..."

म्हणजे पाचवा एशिम, सहावा बाइश आणि सातवा कुचुक. ताश्तान हा घोडाच होता. एरमेकला इतका आनंद झाला की तो खोकला. आणि शिष्टाचार म्हणून त्याला आणखी एकदा पहिल्या पुरुषासह डोंगर उतरावा लागला.

सिम्युलेटर फुकटातला होता. पन्नासपेक्षा जास्त तुकडे तो बसवू देत नसे. त्यामुळे पूर्वजांना डायोड काटकसरीने वाटावे लागले. बापाला, सापारला, एरमेकने भावनेच्या भरात दोन दिले. कुचुकच्या वाट्याला तीन आले: पहिला, तिसरा आणि चौथा दिवा. सर्वांत दूरच्या माणसाला तीन का, याचे उत्तर एवढेच की कमी दिव्यांच्या उरलेल्या खुणा त्याने दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवल्या होत्या. प्रत्येक डायोड ठोकताना एरमेक ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणत असे. सातही नावे त्याला पक्की पाठ झाली आहेत, आता सर्किटाची गरजच उरलेली नाही, हे बुरुल-एजेंच्या एका नजरेत लक्षात आले असते. एरमेकच्या ते लक्षात आले नाही. प्रेमात पडलेला आणि सर्किट बांधणारा, दोघेही गरजेचा विचार करत नाहीत.

आणि मग त्याने एक चूक केली, म्हणजे तिला तो चूक मानत नव्हता. त्याने शेजारी आणखी एक तसेच खणांचे कपाट बांधले, बेगिमायच्या घराण्यासाठी. तेच तीन खटके दोन्ही कपाटांचे सारखेच खण उघडणार. मध्ये एक तांबडा दिवा; दोन्हीकडच्या खुणा हुबेहूब जुळल्या, तरच तो लागणार. बेगिमायच्या बाजूचे सात खण रिकामे ठेवले, तिच्या वडिलांनी सांगावे आणि भरावे म्हणून. पण तिचा शून्याचा खण त्याने भरून ठेवला. तिथे त्याने तीच खूण घातली, जी स्वतःच्या शून्यात घातली होती: पहिला दिवा, बाकी अंधार. म्हणजे खटके शून्यावर असले, की तांबडा दिवा लागणार. बस. तीन वर्षांत जे एक वाक्य त्याला बोलता आले नव्हते, ते त्याने अठ्ठावीस तुकड्यांत लिहून काढले होते.

घरच्या जुन्या संगणकाला दोन कपाटे पेलेनात, म्हणून विद्यालयाचा संगणक घरी न्यायचे ठरले; त्यासाठी तीन सह्या लागल्या. भांडारपाल बाईंनी नोंदवहीत 'आतील सामग्री' या रकान्यात काय लिहायचे म्हणून विचारले आणि एरमेकने खोटे बोलायचे नाही म्हणून खरे सांगितले. त्यांनी लिहिले: 'पूर्वज, सात. परत करताना तेवढेच असावेत.'

रविवारी दुपारी ओरोझबाय-आबा आले, सोबत बेगिमाय. आपाने घोड्याच्या मांसाची कझी मांडली होती, पिठाचे बूरसोक तळले होते. तोक्तोसुन आक्साकालांना मोटारीने आणवले होते, साक्षीला. बुरुल-एजे आल्याच होत्या. पेत्रोविचना कुणी बोलावले नव्हते. ते संगणकाशेजारी खुर्ची ओढून अशा थाटात बसले होते, की नवरदेव तेच आहेत असे वाटावे.

"मग?" आबा म्हणाले.

एरमेकने खटके एकावर नेले. दोन दिवे लागले. आबांनी चष्मा लावला, तक्त्याकडे पाहिले. "सापार." दोनावर. "कादिर." आबा उठून पडद्याजवळ आले. निवृत्त झाल्यापासून पाटीसमोर उभे राहण्याचे सुख त्यांना मिळाले नव्हते. त्यांनी स्वतः खटके चालवले, सरळ आणि उलटे; मध्येच तीनावरून सहावर उडी मारून पाहिली. "बाइश! बरोबर. वा. खोकलं तरी चालतं."

आक्साकाल कझी चघळण्यात मग्न होते. त्यांनी ते ऐकले नाही.

"हे दुसरं कपाट?"

"तुमच्याकडचं, आबा. तुम्ही सांगा, मी भरतो."

ही बहुधा त्या दुपारची सर्वांत सुंदर घटका होती. आबा खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि नावे सांगू लागले; एरमेक डायोड ठोकू लागला आणि तक्त्यावर नवनवीन खुणांपुढे नावे लिहू लागला. "पहिला मीच. ओरोझबाय." पेत्रोविच मान डोलावत होते. आपा आक्साकालांना रस्सा वाढत होती. बेगिमाय चहाच्या पेल्यात पाहत बसली होती आणि तिच्या कानांच्या पाळ्या गुलाबी झाल्या होत्या. "दोन, जानीबाय. तीन, कालमात. चार, सुयूनबाय. पाच, तेकेश. सहा, आलिमबाय." आबांचा आवाज शांत होता, स्थिर होता, स्वतःच्या जिन्यावरून चढणाऱ्या माणसाचा होता. "आणि सात, कुचुक."

एरमेकचा हात थांबला.

कुचुक म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. आधीची पोरे जगली नाहीत म्हणून नजर चुकवण्यासाठी ठेवलेले नाव. एकाच मुलुखात असा दुसरा असणे अशक्य नाही. तक्त्यावर त्याची खूण आधीच होती: पहिला, तिसरा, चौथा. तीच इथे ठोकली, की सातव्या खणावर तांबडा दिवा लागणार, शून्यावर लागतो तसाच, तितकाच लाल. पंधरा खुणांपैकी एकच शिल्लक होती: चारही दिवे. फरक एका डायोडचा. फक्त एका दिव्याचा. हे ठाऊक असलेला माणूस या खोलीत एकच होता.

एरमेक आयुष्यात कधी खोटे बोलला नव्हता; याचे एक कारण असे की तो फारसा बोलतच नसे. आता त्याला बोलायचेही नव्हते. त्याने चार डायोड ठोकले. तक्त्यावर चौदाव्या खुणेनंतरच्या जागी पेन टेकवले आणि काही न लिहिता उचलले.

"झालं?"

"झालं, आबा."

आबा उठले. खटके शून्यावर नेले. तांबडा दिवा लागला.

"हे काय? बिघाड?"

"नाही," एरमेक म्हणाला. "शून्यावर... तो तसाच आहे."

बेगिमायने मान वर केली, एकदा तांबड्या दिव्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. बुरुल-एजे म्हणाल्या, "अगं बाई." त्यांचे एवढे छोटे वाक्य त्यापूर्वी कुणी ऐकले नव्हते.

आबा पुढे सरकले. एक: तांबडा विझला. दोन, तीन, चार. विझलेला. पाच, सहा. विझलेला. सात. एका बाजूला तीन दिवे, दुसऱ्या बाजूला चार. तांबडा विझलेलाच होता. आपाने सुस्कारा सोडला. पेत्रोविच टाळी वाजवणार होते.

पण तीस वर्षे पाटीसमोर काढलेला माणूस दिव्यावर विश्वास ठेवतो तो कागद पडताळून. आबांनी बोट तक्त्यावर ठेवले. "आमचा सातवा, चारही दिवे. चार दिव्यांपुढे नाव नाही. लिहायचं राहिलं का?" बोट वर सरकत गेले. "कुचुक... कुचुक... हा इथे आहे की. तीन दिवे. पण ही तर तुमच्या बाजूची खूण आहे." ते वळले. "तुझा सातवा कोण?"

"कुचुक?" पलीकडून आक्साकाल म्हणाले. हाडूक खाली ठेवत ते जागे झाले. "आमचा कुचुक! त्याचे दोन पोरगे. थोरला बाइश इथे राहिला. धाकटा घोड्याच्या वाटणीवरून रुसला न् खिंडीपलीकडे गेला. काय नाव त्याचं... आलिमबाय!"

पेत्रोविच सवयीने पडद्यावर वाकले होते. दुरुस्ती करणाऱ्याचा तो शाप असतो. बिघाड सापडला, की ओरडल्याशिवाय राहवत नाही. "इथे! सातव्या ओळीत दुसऱ्या तारेवर एक डायोड जास्त आहे. चुकून पडला असेल, पोराचा हात थरथरला असेल. काय रे? चुकून ना?"

हे दार पेत्रोविचनी त्याच्यासाठी उघडून धरले होते. एरमेकला ते दिसले. त्याने बराच वेळ त्याकडे पाहिले.

"चुकून नाही," तो म्हणाला.

आबा खुर्चीत बसले. आश्चर्य म्हणजे ते रागावले नाहीत. ते ज्या आवाजात बोलले तो साखरेच्या भांड्याला समज देणारा आवाज नव्हता. "मुलगी हवी म्हणून पाटीवरचा आकडा बदललास."

"थांबा, थांबा," आक्साकाल काठी आपटत म्हणाले. नव्वदीतल्या माणसाला अचानक कुणाच्या तरी लग्नाची घाई झाली होती. "रडारड कशाला? मोजा तरी नीट. मी एक. बाप दोन. आजा तीन. असं मोजलं की कुचुक आठवा येतो. आठव्याला कोण विचारतो? बाराही वाजतील लग्नाचे, त्याआधी जेवण वाढा!"

"मोजणी बापापासून," आबा म्हणाले.

"आमच्याकडे आपल्यापासून! मी जन्मलोच नाही, तर बाप कुणाचा बाप?"

हा मुद्दा बिनतोड होता. आपाने डोळे पुसले. बुरुल-एजे म्हणाल्या, त्यांच्या माहेरीही असेच मोजतात. त्यांच्या माहेरी कसे मोजतात हे त्यांना ठाऊक नव्हते, पण हा क्षण खोटेपणाचा नव्हता, शेजारधर्माचा होता. ओरोझबाय-आबांनी मुलीकडे पाहिले. त्यांनाही बहुधा आठच हवे होते. माणसाला स्वतःच्या नियमातून बाहेर पडायलाही एखादे कारण लागते, आणि ते कारण त्यांनी त्यांच्या पद्धतीने शोधले: ते पाटीकडे वळले.

"तूच सांग," ते एरमेकला म्हणाले. "यंत्र तुझं आहे. पहिला खण कुणाचा? तिथे कोण?"

"मी."

"त्या खणाचा क्रमांक काय लिहिलायस?"

एरमेकने खणावरचा आकडा वाचला. "शून्य."

"शून्य म्हणजे तू मोजलास का स्वतःला?"

"शून्य हाही खणच असतो, आबा. खण आठ आहेत. सर्किटवाले शून्यापासून मोजतात, म्हणून... माणसं एकापासून मोजतात. मी एकापासून लिहिलं असतं तर..."

"तर पाटीवर आठ दिसलं असतं."

"हो."

"आता काय दिसतं?"

पडद्यावर, एरमेकनेच काळजीपूर्वक, सुवाच्य लिहिलेला आकडा सर्वांना दिसत होता.

"पाटीवर सात आहे," आबा म्हणाले. हे सांगताना ते म्हातारे दिसले. "तीस वर्षं मी जे पाटीवर आहे तेच खरं मानलं, बालाम. आज एका दिवसापुरतं नाही म्हणता येत नाही."

भाकरीचा तुकडा तोंडात घातल्याखेरीज कुणी उठून जात नाही. त्यांनी तो घातला. सर्वांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. दारात बूट चढवताना आबा वळले आणि म्हणाले, "काम मात्र पक्कं आहे तुझं. खरोखर पक्कं आहे." एरमेकच्या आयुष्यात त्याची एवढी स्तुती कुणी केली नव्हती. ही ऐकायला आपण आज नसतो तर बरे झाले असते, असे त्याला वाटले.

बेगिमायच्या बुटाची चेन अडकली. किंवा तिने ती अडकवली. वडील जिना उतरत होते. ती खाली वाकूनच, बुटाशीच बोलावे तसे म्हणाली,

"शून्यावर आपली खूण एकच का आहे?"

"दुसरी होती," एरमेक म्हणाला. "मला... दुसरी घालावीशी वाटली नाही."

"हे तोंडानं सांगायचं होतंस," ती म्हणाली. "सप्टेंबरात. तीन वर्षांपूर्वी. केव्हाही." चेन वर गेली. "आता मी तुझी बहीण लागते." आणि ती हसली की काय केले, ते जिन्याच्या अर्ध्या उजेडात त्याला कळले नाही.

चार वाजता वीज गेली. इमारतीची पाळी होती. खोलीतल्या वस्तू एकेक करून राखाडी झाल्या. पेले, बूरसोकची रिकामी परात, आक्साकालांचे हाडूक. आपा स्वयंपाकघरात भांडी घासत होती, भांडी नसतील तिथेही घासत होती. पेत्रोविच जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्यांनी या वेळी वासाविषयी काही म्हटले नाही.

पाच वाजता वीज आली. एरमेकने फाइल उघडली. पहिल्यांदा त्याने सातव्या ओळीतला तो जास्तीचा डायोड काढून टाकला. काम पक्के असले पाहिजे. मग खटके सातावर नेले. तांबडा दिवा लागला. शून्यावर नेले. तांबडा दिवा लागला. दोन्हीकडे तोच रंग होता, तेवढाच प्रकाश होता. कोणता होकार आणि कोणता नकार, हे दिव्याला कुणी शिकवलेले नव्हते.

त्याने पाहिले. सापार, कादिर, मोल्दोबाय, चिनीबाय, एशिम, बाइश, कुचुक. कुणी गेले नव्हते. वीज जाऊन आली तरी सगळे खिळे जागेवर होते, आणि ती सगळी नावे आता त्याला चार माणसांसमोरही घडाघडा म्हणता आली असती. विसरू शकणारे एकच यंत्र त्याला आयुष्यात बांधता आले होते. ते कुलपांचे सर्किट त्याने ऑक्टोबरात स्वतःच्या हाताने पुसून टाकले होते.